वय ३६, पहिलीच वेळ, टीएसएच ५.८ आलाय... वयामुळे झालं का हे?

पाथर्डीफाटा_३६

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथं नुसती वाचते, पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३६ ची. लग्न उशिरा झालं, ३२ ला. आता सातवा आठवडा चालू आहे. सोमवारी रुटीन ब्लड केलं त्यात टीएसएच (थायरॉईडची टेस्ट, आकडा वाढला म्हणजे थायरॉईड कमी चालतेय) ५.८ आला. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी अंबडला कंपनीत, लंच टाइम, डबा नुकता उघडलेला, आणि त्या ५.८ पुढे ठळक स्टार. लॅबला फोन केला तर तिकडची मुलगी "हाय आहे मॅडम, डॉक्टरांना लवकर दाखवा" म्हणाली आणि ठेवलाच फोन. माझा डबा तसाच परत बंद झाला.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले, तुफान गर्दी, चार मिनिटांत थायरॉईडची ५० ची गोळी लिहून दिली, रोज सकाळी उपाशीपोटी घ्या, महिन्यानं परत टेस्ट करा, नेक्स्ट पेशंट. फाइलवर लाल पेनानं "एल्डरली प्रायमी" लिहिलंय. घरी येऊन अर्थ शोधला, वय जास्त असताना पहिलंच बाळंतपण. ३६ ला एल्डरली!! आमच्या सासूबाई ६३ च्या आहेत, रोज सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून येतात, त्यांना कुणी एल्डरली म्हणून तर दाखवा.

असो. घरात आता तीन मतं आहेत. जाऊबाई म्हणतात पहिल्या तीन महिन्यांत फोलिक सोडून कुठलीच गोळी घ्यायची नसते. शेजारच्या काकू म्हणाल्या की उशिरा दिवस राहिले की थायरॉईड होतोच आणि थायरॉईडवालीचं मूल मंद निघतं, तोंडावर म्हणाल्या, हातात आमच्याच घरचा चहा घेऊन. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण त्या रात्री अर्धी भाकरी ताटात ठेवून उठल्या. ह्यांचं म्हणणं डॉक्टर सांगतील तसं कर, पण गोळी सुरू केली का हे त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.

आणि मी अजून सुरू केलेली नाहीये. चार दिवस झाले, बाटली पर्समध्ये फिरतेय.

माझे प्रश्न: हे वयामुळे झालंय का, म्हणजे २८ ला लग्न केलं असतं तर झालं नसतं का. गोळी बाळाला खरंच चालते का. आणि आमच्याकडे साडेपाचला चहा होतो, मला उठल्या उठल्या मळमळतं म्हणून सासूबाई आल्याचा चहा आणि दोन टोस्ट आणून देतात, त्यासोबतच गोळी घेतली तर? जाता जाता, माझ्या आईचं गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं आहे पंधरा वर्षांपूर्वी, हे डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं. त्याचा काही संबंध असेल का?

---

निफाडची_थंडी

अगं आधी ती बाटली पर्समधून काढ आणि उद्या सकाळी पहिली गोळी घे, बाकीचं सावकाश वाच.

माझी दुसरी खेप ३८ ला. थायरॉईडची गोळी मला आधीपासून चालू होती, ५० चीच, पहिल्या मुलीनंतर लागलेली. दिवस राहिले ते कळलं तेव्हा आमच्याकडे द्राक्षाची तोड चालू, घरात मजूर, व्यापारी, कॅरेट, दवाखान्यात जायला सवड नाही, मी म्हटलं गोळी तर चालूच आहे ना, मग काय. नवव्या आठवड्यात टेस्ट केली तर टीएसएच ७ च्या वर! मी रोज गोळी घेत असून. तेव्हा नव्या डॉक्टरांनी समजावलं की दिवस राहिले की चौथ्या-सहाव्या आठवड्यापासूनच शरीराला जास्त हार्मोन लागायला लागतं, पाव ते निम्म्यानं जास्त, त्यामुळे आधीची गोळी पुरत नाही. आधीच्या दवाखान्यात हे मला कुणीच बोललं नव्हतं, दर तीन महिन्याला तीच चिठ्ठी पुढे चालू. म्हणून जिला आधीपासून गोळी चालू आहे तिनं घरी दोन रेघा दिसल्या त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. मला त्यांनी आठवड्याला ७ च्या ऐवजी ९ सांगितल्या, म्हणजे शनिवार-रविवारी दोन-दोन, आणि पुढे रिपोर्ट बघून ७५ केली.

आता चहा. नाही चालत. मी पण चहाबाज आहे म्हणून सांगते, गोळी साध्या पाण्याबरोबर आणि त्यानंतर कमीत कमी अर्धा तास, जमलं तर एक तास काहीच नाही, चहा नाही, दूध नाही, टोस्ट पण नाही. आणि पुढे तुला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतील, त्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर ठेव. मी पाचव्या महिन्यात सगळ्या गोळ्या एका वाटीत काढून एकदम गिळायचे, विसरायला नको म्हणून. माझी हुशारी! पुढच्या रिपोर्टला आकडा परत वर.

---

लॅबवाला_दादा

ताई मी लॅबमध्येच आहे, नाशिकरोड साइडला. तुमच्याशी फोनवर बोलणाऱ्या मुलीच्या वतीनं सॉरी. खरं सांगायचं तर तो स्टार मशीन आणि सॉफ्टवेअर टाकतं, त्याला तुम्ही गरोदर आहात की पैलवान काही कळत नाही. रिपोर्टवर छापलेली रेंज सर्वसाधारण मोठ्या माणसांची असते, ०.४ ते ४ च्या आसपास. गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत एचसीजी नावाचं हार्मोन (प्रेग्नन्सी टेस्टमध्ये तपासतात तेच) थायरॉईडला पण ढोसतं, त्यामुळे टीएसएच उलट खाली जातो. म्हणजे सातव्या आठवड्यात बऱ्याच जणींचा १ किंवा त्याच्या पण खाली दिसतो आणि घरचे घाबरतात की हायपर (थायरॉईड जास्त) झाला. म्हणून फॉर्म भरताना कितवा आठवडा आहे ते आवर्जून लिहून घ्यायला सांगा.

अजून एक, तुमच्या पॅकेजमध्ये टोटल टी३ टी४ (थायरॉईडची हार्मोन्स) असेल तर पुढे पुढे ते पण वाढलेले दिसतील, दीडपटीपर्यंत. ते रक्तात वाहून नेणारं प्रोटीन गरोदरपणात वाढतं म्हणून, आजार नाही तो. फ्री टी४ असेल तर ते बघायचं.

आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेता का? आजकाल निम्म्या बायका घेतात. काही मशीनवर त्यानं टीएसएच खोटा कमी येतो. टेस्टच्या दोन-तीन दिवस आधीपासून बंद ठेवा आणि रक्त काढणाऱ्याला सांगा. थायरॉईडची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या.

---

कडूकारलं

मी जरा वेगळं बोलते, चिडू नका.

मला २०१६ ला ३.१ वर गोळी लावली होती. ३.१!! वय ३१. तेव्हा सगळीकडे अडीचच्या वर गेलं की गोळी असा प्रकार होता. पुढच्या वर्षी म्हणजे २०१७ ला अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने स्वतःच ती रेघ ४ च्या आसपास नेली. म्हणजे आदल्या वर्षी मी पेशंट आणि दुसऱ्या वर्षी ठणठणीत. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी ट्रायल छापून आली, थोडासा वाढलेला टीएसएच असलेल्या बायकांना निम्म्यांना गोळी, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी, आणि मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक तपासले तर काही फरक नाही. मग मी ते सहा महिने रोज रडत काढले ते कशासाठी?

घेऊ नको असं म्हणत नाहीये, तुझा ५.८ आहे, माझ्यापेक्षा वेगळी केस. पण आकड्याला एवढं घाबरू नको. आणि त्या काकूंना पुढच्या वेळी चहा देऊ नको.

---

रात्रपाळी_गायनॅक

रेसिडेंट आहे, रात्रीचे अडीच वाजलेत, लेबर रूम जरा शांत आहे तोवर लिहितेय. तुमची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण तुमच्या काकूंनी एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय, ती सोडवते.

एक, वय. वयाबरोबर बायकांमध्ये थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडण्याचं प्रमाण वाढतं, हे खरं, आणि कडूकारलं ताईंनी म्हटलेल्या त्याच २०१७ च्या गाइडलाइनमध्ये कुणाची टेस्ट करावी या यादीत "वय ३० च्या वर" आहे. पण त्याच यादीत घरात कुणाला थायरॉईड, आधी गर्भपात, टाइप १ डायबेटिस, मूल राहायला अडचण, दोन किंवा जास्त बाळंतपणं, खूप वजन असं बरंच काही आहे. तुमच्या आईचं ऑपरेशन हा माझ्या मते तुमच्या ३६ पेक्षा जास्त कामाचा मुद्दा आहे, तो फाइलवर लिहून घ्या, गाठ कसली होती तेही आईकडून जुना कागद मिळाला तर बघा. २८ ला लग्न केलं असतं तर कदाचित हा आकडा २८ ला दिसला असता. ओपीडीत २२-२३ च्या मुली १२ चा टीएसएच घेऊन बसलेल्या असतात, त्यांना कुणी एल्डरली लिहीत नाही.

दोन, मंद मूल. बाळाची स्वतःची थायरॉईड साधारण १२ व्या आठवड्यापासून हार्मोन बनवायला लागते आणि नीट चालायला १८-२० आठवडे उजाडतात. तोपर्यंत बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. म्हणून सुरुवातीचे आठवडे महत्त्वाचे आणि म्हणून चार दिवस पर्समध्ये ठेवलेली बाटली मला आवडली नाही. जुनी भीती कुठून आली तर १९९९ च्या एका अभ्यासातून, ज्यांचा हायपोथायरॉईड (थायरॉईड कमी असणं) गरोदरपणात तसाच राहिला, उपचार झाले नाहीत, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ७ नी कमी भरला. सरासरी, आणि उपचार न झालेल्यांचा. ज्या बाईचा टीएसएच गोळीनं आटोक्यात आहे तिला ते लागू नाही. २०१७ ची ट्रायल पण खरी आहे, पण त्यात गोळी सुरूच झाली साधारण १७ व्या आठवड्याच्या आसपास, तोवर बाळाची स्वतःची थायरॉईड कामाला लागलेली असते, त्यामुळे सातव्या आठवड्यातल्या बाईनं त्यावरून गोळी सोडायचं काही कारण नाही. आणि बुद्ध्यांक हा एकच मुद्दा नसतो, गर्भपात, वेळेआधी बाळंतपण याचाही विचार असतो.

तीन, वयामुळे ज्याची जास्त काळजी करतात तो डाउन सिंड्रोम, त्याचा थायरॉईडशी संबंध नाही, तो क्रोमोसोमचा प्रश्न. ३५ ला साधारण साडेतीनशेत एक, ४० ला शंभरात एक असं प्रमाण धरतात. त्यासाठी ११ ते १४ आठवड्यांमध्ये एनटी स्कॅन (सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (रक्ताची टेस्ट) असतो. तो चुकवू नका.

आता तुमचा ५.८. टीपीओ अँटिबॉडी (वर म्हटलेल्या थायरॉईडविरुद्धच्या अँटिबॉडीची टेस्ट) केलीय का? तुमच्या पोस्टमध्ये दिसली नाही. टीपीओ पॉझिटिव्ह असेल आणि टीएसएच ४ च्या वर, तर गोळी द्यायचीच. निगेटिव्ह असेल आणि ४ ते १० च्या मध्ये, तर द्यायचा विचार करतात, बरेच जण देतात. १० च्या वर काही विचारायचंच नाही. गोळी बाळाला चालते, कारण ते बाहेरचं औषध नाही, तुमची थायरॉईड बनवते तेच हार्मोन आहे. जाऊबाईंना हे सांगा. टेस्ट दर चार आठवड्यांनी, निम्मे महिने होईपर्यंत, मग तिसाव्या आठवड्याच्या आसपास एकदा. आकडा अडीचच्या खाली ठेवायचा असतो.

सकाळचं जमतच नसेल तर रात्री, जेवण होऊन तीन तास झाल्यावर घेतली तरी चालते. रोज एकाच वेळी मात्र घ्या.

बेल वाजली, जाते.

---

आजी_होणार_बहुतेक

मी ६१ वर्षांची आहे, माझ्या सुनेनं हे वाचायला दिलं. मला स्वतःला ७५ ची गोळी चालू आहे अकरा वर्षं. मुली, तुझ्या सासूबाईंनी अर्धी भाकरी ठेवली ती तुझ्यावर रागावून नसेल ग. आमच्या वेळी टेस्टच नव्हती, कुणाचं दोन-तीनदा पडायचं, कुणाचं मूल मागे राहायचं, आणि लोक सुनेच्या पायगुणावर ढकलायचे. आता नुसत्या रक्तावरून कळतं आणि साधी एक गोळी असते म्हटल्यावर मला तर हेवाच वाटतो. तू त्यांना जवळ बसवून रिपोर्ट दाखव, समजावून सांग, माणूस न कळल्यामुळे गप्प बसतो.

एक विचारायचं होतं. मी वणीच्या देवीचं नवरात्र नऊ दिवस करते, शेंदेलोण खाते. नंतर चांगलंच म्हणून रोजच्या स्वयंपाकात पण तेच सुरू केलं. सून म्हणते थायरॉईडला ते वाईट. खरं का?

---

लॅबवाला_दादा

आजी वाईट असं नाही, पण त्यात आयोडीन घातलेलं असेलच याची खात्री नाही, पाकिटावर बघा. आपल्याकडे २००६ पासून खायचं मीठ आयोडीनशिवाय विकायला बंदी आहे ती उगाच नाही. नऊ दिवसांनी काही बिघडत नाही. गरोदर बाईनं मात्र वर्षभर शेंदेलोणावर राहू नये, तिला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, नेहमीपेक्षा जास्त. साधं आयोडीनचं मीठ, डबा झाकलेला, गॅसच्या शेजारी वाफेत उघडा ठेवायचा नाही, बस.

---

निफाडची_थंडी

एक राहिलं सांगायचं, बाळंतपणानंतरचं. तिथं कुणाचंच लक्ष नसतं कारण सगळं घर बाळाभोवती. मला मुलगी झाली तेव्हा (पहिली) चौथ्या महिन्यात छाती नुसती धडधडायची, हात थरथरायचे, वजन झपाट्यानं उतरलं, मी सगळ्यांवर खेकसायचे, सासरचे म्हणाले नजर लागली, मीठ-मोहरी ओवाळून झाली. मग दोन-तीन महिन्यांनी एकदम उलटं, अंथरुणातून उठवेना, केस मूठ-मूठ गळायचे, बाळ रडलं तरी मी भिंतीकडे बघत बसायचे. सगळे म्हणाले बाळंतिणीला असं होतंच. वर्षाच्या वाढदिवसाच्या आसपास टेस्ट केली, टीएसएच १८. ही गोळी मला तिथून लागलेली आहे.

---

रात्रपाळी_गायनॅक

अगदी बरोबर लिहिलंत. पोस्टपार्टम थायरॉइडायटिस म्हणतात, शंभरात साधारण पाच जणींना होतो आणि टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर शक्यता बरीच वाढते. आधी हार्मोन सांडतं म्हणून धडधड, मग साठा संपतो म्हणून सुस्ती. बऱ्याच जणींचा वर्षभरात आपोआप बरा होतो, काहींना गोळी कायमची लागते. म्हणून बाळंतपण झालं की डोस परत आधीएवढा करतात आणि सहा आठवड्यांनी टीएसएच बघतात. तुमच्यासारखा त्रास दिसला तर सहा आठवड्यांची वाट बघू नका आणि नंतरही परत करा.

आणि बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन त्याची पण थायरॉईड टेस्ट करून घ्या, जन्मल्यावर ४८ तास उलटले की. आईला असो वा नसो, सगळ्याच बाळांची. हजारात एखाद्या बाळाची थायरॉईड जन्मतः नीट नसते, वरून बाळ गोंडस दिसतं, काही कळत नाही, आणि दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली तर ते चारचौघांसारखं वाढतं. डिस्चार्जच्या घाईत विचारायचं राहून जातं.

---

कडूकारलं

बरं, १७ व्या आठवड्याचं मला माहीत नव्हतं. मागे घेते. अर्धं.

---

पाथर्डीफाटा_३६

पाच आठवडे झाले, अपडेट द्यायचं राहिलं, सॉरी. मधे उलट्यांनी हैराण होते.

तुमचं वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गोळी सुरू केली. आईच्या ऑपरेशनचं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि टीपीओ लिहून दिली, पॉझिटिव्ह आली. चार आठवड्यांनी टीएसएच २.३. रिपोर्टवर स्टार नाही. ह्या वेळी फॉर्मवर आठवडा लिहून घ्यायला लावला, मुलगी म्हणाली "आम्हाला कुणी सांगतच नाही मॅडम".

चहाचा प्रश्न सासूबाईंनीच सोडवला. आजींनी लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं, रिपोर्ट पण दाखवला, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि फक्त "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी साडेपाचला चहा नाहीच. तांब्या आणि झाकणात काढलेली एक गोळी घेऊन उशाशी उभ्या, मी गिळली की पांडवलेणीला निघाल्या, सात वाजता परत येऊन मग चहा टाकला, स्वतःचा पण तेव्हाच. पस्तीस वर्षांची साडेपाचच्या चहाची सवय बाईंनी मोडली, एक शब्द न बोलता. पहिल्या आठवड्यात मळमळ जीव घ्यायची पण पडून राहिलं की निभतं.

आता लोह आणि कॅल्शियम सुरू झालंय. कॅल्शियम दुपारी डब्यानंतर, लोह रात्री झोपताना, ह्यांनी फ्रिजवर कागद लावलाय, तेवढं तरी केलं. काकू परवा येऊन गेल्या, त्यांच्या सुनेचा रिपोर्ट घेऊन, ३.४ आलाय, ती २४ ची आहे. चहा दिला, काय करणार.

गुरुवारी एनटी स्कॅन आणि डबल मार्कर आहे. फाइलवर ते एल्डरली अजून तसंच आहे. सासूबाईंनी विचारलं लाल पेनानं काय लिहिलंय ग, मी म्हटलं अर्जंट.